बांधलेले हात आणि झटकलेले हात

नगर जिल्ह्यातल्या माणसाला लष्कर लांबचं वाटत नाही. भिंगारकडे जाताना लष्कराच्या गाड्या आडव्या येतात, के. के. रेंजवरचे तोफांचे दणके पारनेर-राहुरीकडच्या गावांत भिंती हलवतात, आणि बहुतेक गावांच्या पारावर सुटीवर आलेला किंवा पेन्शनवर उतरलेला एखादा फौजी भेटतोच. त्यामुळे युद्धाच्या गप्पा इथे घरच्यासारख्या चालतात. त्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : "आपल्या पोरांना हात बांधून लढायला पाठवलं." बोट बहुधा श्रीलंकेकडे असतं. हे वाक्य बोलणाऱ्याच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. वाक्याबद्दल आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि लगोलग भारतीय शांतिसेना जाफन्यात उतरली. तमिळ वाघांकडून, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांकडून, शस्त्रं जमा करून घ्यायला गेलेल्या फौजेला ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढावं लागलं. दाट वस्तीचं शहर, समोरचा लुंगीतला माणूस लढणारा की दुकानदार हे कळायला मार्ग नाही, आणि वरून हुकूम की जड शस्त्रं जपून वापरा, नागरिकांना इजा होता कामा नये. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे 1,200 जवान गेले होते. म्हणून, म्हणतात, त्यांना शत्रूइतकंच या नियमांनी मारलं.

त्या युद्धातली सगळ्यांत जिव्हारी लागलेली रात्र घ्या. 11 ऑक्टोबर 1987 च्या मध्यरात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं जवान उतरवले. वाघांचे म्होरके तिथे आहेत अशी खबर होती. वाघ भारतीय फौजेचे बिनतारी संदेश ऐकत होते, ते दबा धरून बसले. शीख लाइट इन्फंट्रीच्या तेराव्या पलटणीचे तीसेक जण उतरले, एकोणतीस मारले गेले आणि एक हाती सापडला. त्यांच्याबरोबरचे कमांडो वेढ्यात अडकले. सुरुंग पेरलेले रस्ते टाळून रेल्वेच्या रुळांवरून रणगाडे नेले, तेव्हा ते सुटले. आता सांगा, या एकोणतीस जणांना कोणत्या नियमानं मारलं? त्यांच्या बंदुका कोणी अडवल्या नव्हत्या. त्यांना मारलं अर्धवट खबरीनं, उघड्यावर बोललेल्या संदेशांनी आणि झटपट जाफना घेऊ या घाईनं. नियमांवर खापर फोडलं की या तिन्हींची चौकशी टळते. बांधलेल्या हातांची तक्रार करणाऱ्यांच्या मागे कोणीतरी हात झटकून उभा असतो.

आणि हात सुटले तेव्हा काय झालं, तेही बघू. 21 ऑक्टोबर, दिवाळीचा दिवस. भारतीय जवान जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात शिरले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून साठ ते सत्तर माणसं मेली, त्यांत रुग्णांबरोबर एकवीस कर्मचारीही होते : डॉक्टर, परिचारिका, कामगार. रुग्णालयातून वाघांनी गोळीबार केला, माणसं दोन्हीकडच्या माऱ्यात सापडली, असं लष्कराचं म्हणणं. आत त्या वेळी वाघ नव्हतेच, असं वाचलेल्यांचं. लष्कराचं म्हणणं अक्षरशः खरं धरून चालू. तरी प्रश्न सुटत नाही. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं एकोणिसावं कलम सांगतं की रुग्णालयाचा शत्रूनं गैरवापर केला तर त्याचं संरक्षण जातं, पण आधी इशारा द्यावा लागतो आणि शक्य असेल तिथे वाजवी मुदतही. वकील म्हणतील, हे कलम दोन देशांमधल्या युद्धाचं, वाघ म्हणजे काही देश नव्हे. ठीक. मग चारही करारांत समान असलेलं तिसरं कलम तरी लागू होतंच, आणि आजारी-जखमींना हात लावू नका हे त्यातही आहे. भारतानं 1960 मध्ये या करारांसाठी स्वतःचा कायदाही केलेला आहे.

इशारा हा शब्द नगरकराला परका नाही. के. के. रेंजवर गोळाबाराचा सराव असला की जिल्हा प्रशासनाकडून तारखा आणि वेळा जाहीर होतात, गावागावांत कळवलं जातं, गुरं-मेंढरं त्या हद्दीत नेऊ नका असं बजावलं जातं. त्यासाठी 1938 चा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला. तरीही न फुटलेल्या गोळ्याचं भंगार वेचताना माणसं मेलेली आहेत, म्हणजे नियम असूनही जीव जातातच. पण म्हणून दवंडी बंद करा असं रेंजलगतच्या खारे कर्जुन्यात कोणी म्हणत नाही. आपल्या मेंढरांसाठी जो इशारा आपण हक्कानं मागतो, तो परक्या शहरातल्या रुग्णांसाठी मागितला की मात्र लष्कराचं खच्चीकरण होतं. हा हिशेब मला कधी समजला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : शत्रू मुद्दाम लोकांच्या आड लपतो. लपतो, यात वाद नाही. वाघ देवळा-शाळांच्या आडोशानं लढले आणि स्वतःच्या लोकांनाही त्यांनी सोडलं नाही. जाफना विद्यापीठातल्या डॉ. राजनी तिरणगामा सहकाऱ्यांबरोबर दोन्ही बाजूंच्या अत्याचारांची नोंद करत होत्या. 21 सप्टेंबर 1989 रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि बोट वाघांकडेच जातं. पण शत्रूला लोकांच्या आडून लढायचं असतं ते तुम्ही लोकांवर गोळी झाडावी म्हणूनच. ती झाडली की त्याचं अर्धं काम झालं. 2010 मध्ये अमेरिकी संशोधकांनी अफगाणिस्तानातल्या घटना जिल्हावार तपासल्या. परकी फौजांच्या हातून नागरिक मेले, की त्या भागात पुढचे काही आठवडे त्याच फौजांवरचे हल्ले वाढलेले दिसले. आदल्या वर्षी तिथल्या अमेरिकी फौजांचे सेनापती जनरल मॅकक्रिस्टल यांनी घरांवरच्या हवाई माऱ्याला लगाम घातला होता, तेव्हा त्यांचेच सैनिक आमचे हात बांधले म्हणून कुरकुरत होते. वाक्य जगभर एकच आहे, नुसता गणवेश बदलतो.

तिसरं म्हणणं तर चहाच्या कपाबरोबर येतं : हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड. असं म्हणणाऱ्यांनी शिवाजी महाराजांचं 1673 चं पत्र वाचावं. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. दाणावैरण बाजारातून विकत घ्या, रयतेकडून ओरबाडू नका, अशी ताकीद त्यात आहे, आणि पुढे कारण दिलं आहे ते निव्वळ व्यवहाराचं : तुम्ही त्रास दिलात तर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. सव्वातीनशे वर्षांनी संशोधक आकडेवारी मांडून जे सांगू लागले, ते या एका वाक्यात आहे. पण इथेच छाती फुगवून थांबता येत नाही. त्या पत्रानंतर सत्तरेक वर्षांनी नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालात उतरली तेव्हा ते पत्र कोणाच्या दप्तरात नव्हतं. बंगाली आया लेकरांना झोपवताना आजही बर्गी, म्हणजे मराठे स्वार, आल्याचं गातात. आपल्या मुलखात महाराजांचा नियम आणि परमुलखात बर्गीगिरी, हा दुटप्पीपणा आपल्याला नवा नाही.

आणि नियमानं खरंच फरक पडतो का? त्याचं उत्तर नगरच्या वेशीतच आहे. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहानं दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजी फौज बोलावून घेतली. परकी फौज बहुधा अशी कोणाच्या तरी आमंत्रणानंच येते, कोलंबोतही तसंच झालं होतं. आर्थर वेलस्लीनं 8 ऑगस्ट 1803 रोजी शिड्या लावून शिंद्यांच्या ताब्यातली नगरची पेठ घेतली, आणि 12 तारखेला किल्ला हाती आला. लूट सुरू झाली तेव्हा त्यानं स्वतःच्याच फौजेतल्या दोन शिपायांना दरवाजात फाशी दिलं. लूट थांबली. त्याचं काही नगरकरांवर प्रेम नव्हतं. त्याला पुढे असईच्या लढाईला जायचं होतं, धान्य आणि बैल याच मुलखातून उभे करायचे होते, आणि लुटलेला वाणी पोती बाहेर काढत नाही.

हाच माणूस 1812 च्या एप्रिलात स्पेनमधल्या बादाहोसला होता. तिथे त्याच्या फौजेनं शहर फोडलं आणि दोन-तीन दिवस घरं लुटली, बायकांवर अत्याचार केले, माणसं मारली. लुटीविरुद्धचे हुकूम तिथेही होते. चौकात फाशीचा खांब उभा राहिला तेव्हा कुठे फौज आवरली. सेनापती तोच आणि नियमही तेच, फरक एवढाच की नगरला शिक्षा लगेच दिसली. (फाशी गेलेले दोघे देशी शिपाई होते, गोरे नव्हते. हे लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते, पण मुद्दा बदलत नाही.)

आता उरले ते कुत्सित. ते म्हणतात, नियम हे बलवानांचं नाटक आहे. त्यांच्याकडे पुरावा आहे. 29 ऑगस्ट 2021 ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोननं दहा नागरिक मारले, त्यांत सात मुलं. आधी हा हल्ला रास्त असल्याचं सांगितलं, अडीच आठवड्यांनी चूक कबूल केली, आणि डिसेंबरात जाहीर केलं की कोणालाही शिक्षा होणार नाही. मान्य. पण यातून नियम पोकळ असल्याचं सिद्ध होत नाही, हिशेब न घेतलेला नियम पोकळ असल्याचं होतं. आणि या कसोटीला आपणही उतरत नाही. जाफना रुग्णालयाबद्दल कोणा अधिकाऱ्यावर जाहीर कारवाई झाली नाही. कोलंबोजवळ कोट्टे इथे शांतिसेनेच्या शहिदांचं स्मारक आहे, त्यावर आपल्या जवानांची नावं कोरलेली आहेत. जाफन्याच्या रुग्णालयात दर 21 ऑक्टोबरला कर्मचारी आपल्या मेलेल्या सहकाऱ्यांच्या तसबिरींना हार घालतात.

हात बांधल्याची तक्रार ज्यांना खरोखर तपासून घ्यायची आहे, त्यांनी एक मागणी करावी, मीही सही करीन. 21 ऑक्टोबर 1987 चे हुकूम, संदेश आणि नोंदवह्या खुल्या करा. जाफन्यात कोणाचे हात बांधले होते, कोणी बांधले होते आणि ते कोणी केव्हा सोडले, हे त्या कागदांत तारीखवार, वेळेसकट लिहिलेलं असणार. भिंगारच्या हॉटेलात बसून ते आपल्याला ठरवता येणार नाही.