शाबासकी मायबोलीतून मिळावी

जयंतीनिमित्त ही स्मरणिका आपल्या हाती देताना यंदा आम्ही आपल्या घरांतील चिमुकल्यांविषयी चार शब्द लिहू इच्छितो.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी बालपणीचा एक प्रसंग सांगितला आहे. ते इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाले, तेव्हा समाजातील मंडळींनी सभा भरवून त्यांचे कौतुक करण्याचे ठरविले. सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटले. अखेर दादा केळुसकरांनी त्यांचे मन वळविले. सभा झाली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. त्या भेटीचे पुढे काय झाले, हे आपणांस सांगणे नलगे.

रामजींची ती भीती आजही आपल्या घरांत नांदते. मूल शेफारेल म्हणून आपण त्याच्या चांगल्या वागण्यावर मौन पाळतो आणि चूक दिसताच बोलतो. मुलाला तर आई-वडिलांचे लक्ष हवे असते. ते हट्ट करूनच मिळते असे दिसले, की मूल हट्टच धरते. परदेशात याचा आणखी एक परिणाम होतो. नर्सरीतील बाई इंग्रजीतून शाबासकी देतात आणि घरी मराठी कानी पडते ती रागावताना. मग मुलाने मराठीकडे पाठ फिरविली तर दोष कोणाचा?

आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये स्कॉटलंडने २०२० साली व वेल्सने २०२२ साली मुलांना मारण्यास कायद्याने पूर्ण बंदी केली. परंतु उगारलेला हात खाली आला, एवढ्याने भागत नाही. तो पाठीवरूनही फिरला पाहिजे.

शाबासकी तत्काळ आणि नेमकी असावी. नुसते 'गुणी बाळ' म्हणण्यापेक्षा 'तू बूट जागेवर ठेवलेस, छान केलेस' असे म्हटले, तर काय पुन्हा करावयाचे हे मुलाला कळते. नवी सवय लावताना तक्त्यावर एखादी चांदणी चिकटवावी. सवय जडली की ती हळूहळू बंद करावी. मात्र लालूच नको. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतील मुलांना बक्षिसाचे आमिष दाखविले गेले. पुढे त्यांची चित्रे काढण्याची गोडीच ओसरली. म्हणून जे मूल आपणहून वंदनेला बसते, त्याला चॉकलेट दाखवू नये. त्याच्याशेजारी आपणही बसावे.

आपल्या आधीच्या पिढ्यांच्या वाट्याला जगाकडून अवहेलनाच अधिक आली. कौतुकाचा शब्द आपल्या ओठांवर अडखळतो, त्याचे एक कारण कदाचित हेही असेल. ती उणीव आपल्या मुलांपर्यंत पोहोचू नये, एवढीच आमची नम्र विनंती. आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या लेकराने दिवसभरात केलेली एक तरी चांगली गोष्ट त्याला मराठीतून सांगावी.

जय भीम!