बालवाडीच्या दारातली परीक्षा

मुरुडच्या पुळणीवर वाळूत बोटे फिरवणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या हाती आपण पेन्सिल देतो, अक्षर चुकले की डोळे वटारतो आणि याला शाळेची तयारी म्हणतो. ही तयारी नव्हे, सक्ती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूल इंग्रजीत मागे पडेल, ही पालकांची भीती आम्ही जाणतो. परंतु पेन्सिल धरण्यापूर्वी बोटांना माती, मणी हाताळावे लागतात. परकी भाषा येण्यापूर्वी घरची भाषा रुजावी लागते. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी कॅथलिकच होत्या. त्यांनी लेखणीआधी हात घडवला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परिसरातील साध्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले.

बालवाडीच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती नकोत, असे यशपाल समितीने १९९३ साली सांगितले. तरीही ज्या संस्थेत चिमुकल्यांची मुलाखत होते, तिने ख्रिस्ती नाव मिरवू नये. बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर प्रभू येशू रागावला. त्याने बालकांना कवेत घेतले. आधी धडा म्हणून दाखवा, असे म्हटले नाही.

पालकहो, मुलाला गोष्ट सांगा, स्वतःच्या हाताने जेवू द्या, खेळणे वाटून घ्यायला शिकवा. तो घरी आल्यावर “काय लिहिलेस?” असे न विचारता “कोणाशी खेळलास?” असे विचारा. खरी तयारी हीच.