“मला वेड तर लागत नाही ना?”



पीक हातचे जाते, सोसायटीचा हप्ता थकतो आणि झोप उडते. छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, आपलेच घर परके वाटते. मग माणूस हळूच विचारतो, “फादर, मला वेड तर लागत नाही ना?” घरच्यांनी तोवर देवर्षी गाठलेला असतो.

आम्हांस वाटते, वेडाची ही भीती पुष्कळदा चिंतारोगाचेच एक लक्षण असते. तीव्र मनोविकारात नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय पक्का बसतो, आणि आपण आजारी आहोत हेच बहुधा पटत नाही. त्यावरही उपचार आहेतच. पण निवाडा डॉक्टरांनी करावा, शेजाऱ्यांनी नव्हे. थायरॉईडच्या विकारानेही धडधड होते. म्हणून तपासणी हवी. उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मनानेच बंद करू नयेत.

जीव नकोसा झालेल्याला एकटे सोडू नका. कीटकनाशक कुलपात ठेवा. टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर आणतो. मग घरच्या माणसासाठी लाज का धरावी?