प्लॅस्टिकच्या शिपायाची बाजू

गेल्या चवथीआधी माळा साफ करताना आईला पत्र्याचा एक डबा सापडला. आत गोट्या, जाळी नसलेला एक भोवरा आणि जी. आय. जोचा एक शिपाई. शिपाई म्हणजे दोन तुकडे. वर धड, खाली पाय, मध्ये काही नाही. उजव्या हाताचा अंगठाही गेलेला. आईने तो भंगाराच्या पिशवीत टाकला, मी परत काढला. धाकट्या भावाचा होता तो. भाऊ आता मस्कतला असतो.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते तुकडे टेबलावर काढले, तर शेजारचा म्हणाला, "कित्याक इतलो त्रास? नवें हाड मरे." त्याचे मी मनावर घेत नाही. आमच्याकडे डुगडुगणारी खुर्चीसुद्धा सरळ निकामी साहित्याच्या यादीत जाते, स्क्रू आवळायला कुणाला वेळ नसतो. पण मला हे लिहायला बसवले ते दुसऱ्याच एका गृहस्थांनी. सुसंस्कृत माणूस. लोककला, वारसा, परंपरा यांवर छान बोलतात. ते म्हणाले, "अहो, जपायचीच तर चिताऱ्यांची लाकडी खेळणी जपा. या अमेरिकन प्लॅस्टिकला कसला आलाय वारसा?"

अमेरिकन! आता कूळ अमेरिकन हे खरे. हॅस्ब्रोने १९६४ साली जी. आय. जो बाजारात आणला तेव्हा तो फूटभर उंच होता, १९८२ साली पावणेचार इंचांचा झाला. पण आमच्या पिढीच्या हातात जो आला तो फनस्कूलचा. ही कंपनी १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढली आणि तिचा कारखाना आला तो आपल्या गोव्यात. फनस्कूलच्या काही शिपायांचे रंग अमेरिकेतल्या शिपायांपेक्षा वेगळे आहेत, म्हणून परदेशातले शौकीन आज ते मुद्दाम शोधून घेतात. त्यांना भारतातल्या मालाची ओळख पटते, आम्हाला पटत नाही. काजू फेणीला २००९ साली जी. आय. मानांकन मिळाले, मग खोल्याच्या मिरचीला मिळाले, खाज्याला मिळाले. आनंदच आहे. हा आमचा दुसरा जी. आय. मात्र भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने.

चिताऱ्यांच्या कामाविषयी मला आदर आहे, उगाच गैरसमज नको. माझा प्रश्न साधा आहे. चिताऱ्याचा हात हा हात, आणि कारखान्यात जुळणीच्या बाकावर बसलेल्या बाईचा हात काय यंत्र?

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या वाड्यावरच्या एक काकी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे खेळण्यांच्या जुळणीचे काम करीत. सकाळची बस पकडायची, दिवसभर बारीक बारीक तुकडे जोडायचे, संध्याकाळी घरी येऊन चूल. शिपाई दुरुस्त करताना मी तीनदा हरलो तेव्हा त्यांच्याकडेच गेलो.

दुरुस्ती तशी सोपी आहे. पाठीत मधोमध एकच स्क्रू असतो. तो काढला की धडाचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग होतात, हात आपोआप सुटतात. आत एक रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग. तिचे वरचे टोक छातीत, स्क्रू जातो त्या खुंटाला अडकते. खालचे टोक कमरेच्या तुकड्यातून जाऊन दोन पायांमधल्या धातूच्या आकड्यात बसते. एवढ्या एका रबराच्या ताणावर शिपाई उभा असतो, बसतो, कमरेत वळतो. रबर वर्षानुवर्षे ताणलेले राहिले की कडक होते, त्याला भेगा पडतात आणि एक दिवस ते तुटते. म्हणजे शिपाई मोडला नव्हताच, फक्त त्याचे रबर संपले होते! म्हापशात नळाचे सामान विकणाऱ्याकडून मी अंदाजाने तीन मापांच्या रिंगा आणल्या. जाड रिंगेने धड मिटेना, मोठीने पाय लोंबायला लागले. तिसरी बरोबर होती, पण ती आकड्यात धरून धड मिटवायला मला तिसरा हात हवा होता.

काकींनी चष्मा लावला, केसांची पिन वाकवून तिने रिंग वर ओढली, खुंटात अडकवली, हात जागेवर ठेवले आणि धड मिटवले. मिनिटभरसुद्धा लागले नसेल. मी स्क्रू आवळायला लागलो तर म्हणाल्या, "ल्हवू रे! चड घट केलो जाल्यार फुटता." एवढ्या वर्षांनी ते त्यांच्या बोटांत होते. याला हस्तकला म्हणायला आमच्या वारसावाल्यांची जीभ का अडखळते? लाकूड असते तर अडखळली असती?

दुसऱ्या टोकाला संग्राहक आहेत. त्यातल्या एकाने फोटो बघून बजावले, "काही बदलू नका, किंमत जाईल." दुसऱ्याने सांगितले, पिवळट पडलेला भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करून घ्या. एकाला तो मेलेला हवा, दुसऱ्याला कोरा. दोघांनाही त्याच्याशी कुणी खेळले होते ही गोष्ट अडचणीची वाटते. पिवळेपणा आमच्या खिडकीतल्या उन्हाचा आहे, तो राहू दे. आकड्यावरचा गंज आमच्या पावसाळ्याचा, तो मात्र पुसून काढला, कारण खरखरीत धार नव्या रबराला कापते.

हल्ली भाच्यांची खेळणी बघतो. कित्येकांना स्क्रूच नाही, दोन अर्धुके कायमची चिकटवलेली. उघडायला गेलात तर फुटणार. ज्या वस्तूच्या पाठीत स्क्रू आहे ती करणाऱ्याने कधीतरी कुणीतरी ती उघडेल हे गृहीत धरलेले असते. त्याची तरी लाज राखावी.

अंगठा मी केला नाही. चिकटवायला जागा तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही, आणि फेविक्विक लावले की भोवती पांढरा डाग धरतो. बारीक छिद्र पाडून तारेचा तुकडा घालणे हाच खरा उपाय, पण तेवढा माझा हात स्थिर नाही.

काकींच्या ओट्यावर शिपायाला उभा करून फोटो काढला आणि भावाला मस्कतला पाठवला. दोन तास काही नाही. मग उत्तर आले, "आनी बंदूक खंय?"