रमाबाईंना उत्तर द्यायचं तर आधी घर बांधा

पिंपरी-चिंचवडमध्ये आठ मार्चचे कार्यक्रम आता भरपूर होतात. मंचावर जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्या तसबिरी असतात. 'रमाबाई' म्हटलं तर कुणाला रानडे आठवतात, कुणाला आंबेडकर. पंडिता रमाबाईंची तसबीर मात्र क्वचितच दिसते. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. तिथे त्यांनी उभं केलेलं मुक्ती मिशन आजही चालू आहे. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं काम. तरी त्यांचं नाव घ्यायला संयोजक कचरतात आणि कारण विचारलं तर हळूच सांगतात, "त्या ख्रिश्चन झाल्या ना! उगाच वाद नको."

मला वाटतं, हा वाद आपण घालायलाच हवा. कारण रमाबाईंचं नाव गाळण्यामागे जो विचार आहे, तोच विचार आज आपल्या वस्त्यांमधल्या बायकांच्या मुळावर येतो आहे.

रमाबाईंबद्दल बोलायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो धर्माचा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. झालं, तिथेच त्यांची गोष्ट संपवतात. एका बाजूने धर्म बुडवला म्हणायचं, दुसऱ्या बाजूने प्रभूच्या चरणी आली म्हणायचं. या बाईने पुढे काय केलं आणि ते करताना कुणाकुणाशी भांडण घेतलं, हे दोन्ही बाजूंना फारसं सोयीचं नाही.

इंग्लंडमध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि तिथेच संस्कृत शिकवतही होत्या. एका भारतीय विधवेने इंग्लंडात जाऊन शिकवायचं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मग पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने तरुण पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची प्रतिष्ठा जाईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी उलट लिहिलं, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी अशी हरकत घेतली नव्हती. त्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, सनातन्यांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं होतं. रमाबाई स्वतः कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या घेऊन आल्या होत्या. तिथले पंडित ऐकायला बसले, आणि हे धर्मगुरू मात्र आडवे आले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हेही त्यांनी वाँटेजच्या सिस्टरांना विचारलं. नवा धर्म घेतला म्हणून बुद्धी गहाण टाकलेली नाही, हे त्या पुनःपुन्हा सांगत राहिल्या. ज्या चर्चच्या बिशपांनी ही हरकत घेतली, त्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्री पुरोहितांना दीक्षा मिळायला १९९४ साल उजाडलं. आता त्या चर्चच्या पंचांगात रमाबाईंच्या स्मरणाचा एक दिवस आहे. जिवंत बाई अडचणीची, मेलेली बाई पूज्य, हे सगळ्याच धर्मांत चालतं.

आता पुण्याकडे येऊ. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. पैसा अमेरिकेतला, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं द्यायचा कबूल केलेला. अट अशी, की शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. मुली आपापले सोवळेओवळे, व्रतं पाळत होत्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. ज्या मुलीला वाटे ती येऊन बसे. यावरून पुण्यात काहूर उठलं. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी पंचविसेक मुली काढून नेल्या.

या भांडणात त्या मुलींना कुणी विचारलं? बिशप म्हणत होते, बाई आमच्या सांगण्याप्रमाणे वागत नाही. सुधारक म्हणत होते, बाई आमच्या सल्ल्याप्रमाणे वागत नाही. दोघांनाही संस्था बाईच्या नावावर चालली तर चालणार होती, किल्ल्या मात्र आपल्याकडे हव्या होत्या. रमाबाईंनी किल्ल्या दिल्या नाहीत, हा त्यांचा खरा गुन्हा. जोतिराव फुल्यांना तो गुन्हा वाटला नाही. १८८५ सालच्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली होती.

पुढे दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. केडगावच्या माळावर वसाहत उभी राहिली. शारदा सदनात मुख्यतः वरच्या जातींच्या विधवा होत्या, इथे सगळ्या जातींच्या आल्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांनी चालवायचं. अंध बायकांना ब्रेल शिकवायचं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणलं, ते केडगावच्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. १९०५ सालानंतर इथल्या मुली गट करून गावोगाव उपदेशाला जात. त्यांना तो अधिकार कुणी बिशपने दिला नव्हता. आणि ख्रिस्ती म्हणजे सरकारधार्जिणी असं म्हणणाऱ्यांसाठी हेही सांगते, की १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी इस्पितळाच्या कारभारावर या बाईने जाहीर पत्र लिहून टीका केली होती.

आता अवघड प्रश्न. भुकेल्या मुलीला ज्या हाताने भाकरी दिली, त्याच हाताने बाप्तिस्मा दिला, तर ती तिची निवड म्हणायची का? माझं उत्तर, लहान मुलीच्या बाबतीत मुळीच नाही आणि मोठीच्या बाबतीतही सहजासहजी नाही. आश्रय देणाऱ्याचा दाब आश्रितावर असतोच, तो प्रेमाचा असला तरी दाबच. केडगाव त्याला अपवाद नव्हतं. पण हा प्रश्न विचारण्याचा हक्क कमवावा लागतो. त्या मुली रस्त्याकडेला मरत होत्या तेव्हा धर्म बुडाला नव्हता, जेवायला बसल्यावर बुडाला? आणि दहा वर्षांच्या विधवेचे केस न्हाव्यापुढे बसवून उतरवले जात, तेव्हा तिची निवड कुणी विचारली होती?

हा हक्क कमावणारेही याच पुण्यात होते. शारदा सदनातली एक विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, त्या आनंदीबाई कर्वे. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला झोपडीत नेला. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, रमाबाई रानड्यांच्या हातून. पंडिता रमाबाईंना महाराष्ट्राने दिलेलं खरं उत्तर हे. अग्रलेखांनी एकाही विधवेला निवारा मिळाला नाही, हिंगण्याच्या झोपडीने मिळाला.

आज आपण कोणतं उत्तर देतो आहोत? डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने आंतरधर्मीय लग्नं केलेल्या मुलींची आणि त्यांच्या माहेरच्यांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक, 'लव्ह जिहाद' आणि सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करायला. सक्ती आणि फसवणूक कुणालाच नको. पण बाईने धर्म बदलला की तिला फसवलंच असणार, हे गृहीत धरणं म्हणजे तिला अक्कल नाही असं म्हणणं. रमाबाईंबद्दल १८८३ साली हेच म्हटलं गेलं.

चाकण, भोसरी, तळवडे भागात मी काम करते. मराठवाड्यातून, विदर्भातून, झारखंड-ओडिशातून कंत्राटी कामाला आलेल्या मुली एका खोलीत पाच-सहा जणी राहतात. सुटे भाग जोडायचे, शिफ्टने यायचं, कंत्राट संपलं की खोलीही सुटते. नवऱ्याने रात्री अकराला बाहेर काढलेली बाई कडेवर लेकरू घेऊन दाराशी येते, तेव्हा तिला कुठे न्यायचं हा प्रश्न मला दर वेळी पडतो. सरकारी कागदावर 'शक्ती सदन' आहे, 'सखी निवास' आहे. पण कागद आणि रिकामी खाट यांत अंतर फार, आणि ते रात्री अकरालाच कळतं. अशा वेळी पत्र्याच्या शेडमध्ये रविवारची प्रार्थना चालवणारी एखादी बाई तिला चार दिवस ठेवून घेते. दुसऱ्या दिवशी लोक चौकशीला येतात. बाई जेवली का, मूल झोपलं का, हे कुणी विचारत नाही. विचारतात, "तुम्हाला पैसे कुठून येतात?"

लाभासाठी धर्म बदलतात म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, की अनुसूचित जातीतल्या बाईने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तिच्या सवलती जातात. हा कसला लाभ?

चर्चवाल्यांनीही हे वाचून खूश होऊ नये. रमाबाईंची तसबीर तुमच्या हॉलमध्ये असेल, पण सभेच्या टेबलाशी किती बायका असतात? रोमन कॅथलिक चर्चमध्ये बाईला आजही पुरोहितपद नाही. उत्तर भारतीय चर्चसारख्या काही चर्चनी दिलं, तरी झाडणं, गाणं आणि मुलांची रविवारची शाळा एवढंच बहुतेकींच्या वाट्याला येतं. ख्रिस्ती बायकोला घटस्फोटासाठी नवऱ्याचा व्यभिचार, आणि वर त्याचं क्रौर्य किंवा सोडून जाणं, असं दुहेरी सिद्ध करावं लागे. नवऱ्याला एकट्या व्यभिचाराचं कारण पुरत असे. १८६९ चा हा कायदा २००१ साली बदलला. मार खाऊन आलेल्या बाईला आजही "प्रार्थना कर, तो सुधारेल" असं सांगून परत पाठवणारे पास्टर मी पाहिले आहेत. त्यांना केडगावचा वारसा सांगायचा अधिकार नाही.

मैत्रिणींनो, आपल्या संघटनांनी या भांडणात गप्प बसू नये. निवाऱ्याला आलेल्या बाईला धर्म विचारायचा नाही, आणि निवारा दिला म्हणून तिच्यावर धर्म लादायचाही नाही. ती उद्या देवळात जाईल, विहारात, मशिदीत, चर्चमध्ये किंवा कुठेच नाही, ते ती ठरवेल. हा नियम आपल्याला, चर्चला आणि सरकारला सारखाच. महापालिकेकडे आणि एमआयडीसीकडे आपली मागणी एकच असली पाहिजे. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रात्री उघडं असणारं, कागदपत्रं न मागता दार उघडणारं, बायकांनीच चालवलेलं घर हवं. इतक्या कारखान्यांच्या पट्ट्याला एवढं जड नाही. ते होत नाही तोवर बाई कुणाच्या दारात गेली याचा हिशेब तिच्याकडे मागू नका.