'त्यांना एवढे पुरे!'

डॅटसन हे नाव जपानी माणसाला परके नाही. १९३०च्या दशकापासून जपानच्या रस्त्यांवर या नावाच्या छोट्या मोटारी धावत होत्या. १९८०च्या दशकात निसान कंपनीने ते नाव बंद केले आणि २०१३ साली दिल्लीत पुन्हा बाहेर काढले. पण ते स्वदेशासाठी नव्हे! भारत, इंडोनेशिया, रशिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत ज्यांच्या दारी आजवर मोटार आली नाही, त्यांच्यासाठी. मार्च २०१४ मध्ये आलेल्या 'डॅटसन गो'ची किंमत सव्वातीन लाखांच्या आत सुरू होत होती.

या हेतूला मी नावे ठेवणार नाही. चौघांनी एका स्कूटरवर भिजत जाण्यापेक्षा स्वस्त मोटार केव्हाही बरी. प्रश्न आहे तो ही स्वस्ताई कशातून काढली याचा.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने या गाडीच्या धडक-चाचणीचा निकाल जाहीर केला. वेग ताशी ६४ किलोमीटर. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी तारे शून्य! गाडीचा सांगाडाच इतका कमकुवत की एअरबॅग बसवूनही उपयोग नाही, असे संस्थेने म्हटले आणि विक्री थांबवण्याची मागणी केली. कंपनीचे उत्तर एवढेच, की गाडी भारतातील नियमांत बसते.

उत्तर खोटे नव्हते. नव्या मॉडेलांना धडक-चाचणी आपल्याकडे २०१७ साली सक्तीची झाली, चालकासाठी एअरबॅग २०१९ साली. म्हणजे दोष एकट्या विकणाऱ्याचा नाही, कायदा करणाऱ्यांचाही आहे. आणि गाडी घेताना मायलेज विचारणारे, पण सुरक्षिततेबद्दल अवाक्षर न काढणारे आपण तरी कुठे सुटतो?

माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून ही वृत्ती मला ओळखीची वाटते. पहिल्यांदा येणाऱ्याला गाईड पुरे, मूळ ग्रंथ कशाला? पास क्लास पुरे, त्याहून अधिक कशाला? स्वतःच्या मुलासाठी आपण जे पत्करणार नाही, ते दुसऱ्याला 'एवढे पुरे' म्हणून देणे, याला उपकार कसे म्हणावे?

२०२२ साली डॅटसनची विक्री भारतातही थांबली. नाव गेले, वृत्ती गेली काय? पहिल्यांदा येणाऱ्याच्या खिशात पैसे कमी असतील, पण म्हणून त्याच्या जिवाचे मोल कमी होत नाही. हे त्याने स्वतःच ठणकावून सांगितले पाहिजे.