अहवालातील ‘गाठी’ आणि आपण



गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी ओटीपोटाचा एमआरआय केला जातो. अहवाल हाती येतो आणि ‘लसिकाग्रंथी दिसत आहेत’ एवढ्या एका ओळीने सारे कुटुंब हवालदिल होते. त्या ओळीचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. त्याभोवतीच्या मेदाच्या आवरणात अनेक बारीक लसिकाग्रंथी असतात. कर्करोगाच्या पेशी मूळ जागेहून पसरू लागल्या, की बहुधा प्रथम याच ग्रंथींत शिरतात. तसे असल्यास शस्त्रक्रियेआधी किरणोपचार व केमोथेरपी द्यावी का, याचा विचार होतो. किरणोपचाराने रोग त्याच जागी उलटण्याचा धोका घटतो. परंतु शौचावरील नियंत्रण आणि तरुण रुग्णांची अपत्यप्राप्तीची क्षमता यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून येथील चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने काही मिलिमीटरची ग्रंथीही दिसते. मात्र दिसणे म्हणजे बाधित असणे नव्हे. निरोगी शरीरातही लसिकाग्रंथी असतातच. साध्या दाहानेही त्या सुजतात. उलट तीन-चार मिलिमीटरच्या ग्रंथीतही रोग दडलेला असू शकतो. हिऱ्याचा पारखी केवळ वजन पाहत नाही, त्याचप्रमाणे रेडिऑलॉजिस्ट आकारासोबत तीन लक्षणे पाहतात: ग्रंथी गोल आहे का, तिची कड वेडीवाकडी आहे का आणि आतील छटा असमान आहे का. युरोपीय तज्ज्ञांच्या निकषांनुसार गुदाशयाभोवतीची ग्रंथी आखूड बाजूने ९ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास संशयास्पद मानली जाते. ५ ते ९ मिलिमीटरच्या ग्रंथीत यांतील किमान दोन, तर ५ पेक्षा लहान ग्रंथीत तिन्ही लक्षणे असावी लागतात. एवढे करूनही अंतिम निर्णय शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर एमआरआय हा एक नय आहे, संपूर्ण प्रमाण नव्हे.

म्हणून केवळ ‘गाठी आहेत का’ एवढेच विचारू नये. गाठींना संशयास्पद कोणत्या लक्षणांवरून म्हटले, मूळ रोग किती खोल गेला आहे आणि मेदाच्या आवरणाच्या सीमेपासून तो किती अंतरावर आहे, हेही विचारावे. हे अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर ती बाब विशेष महत्त्वाची असते. शल्यविशारद, रेडिऑलॉजिस्ट व कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून उपचार ठरवावेत, असा आग्रह धरावा. हृदयात पेसमेकर असल्यास तपासणीपूर्वी अवश्य सांगावे.

आणखी एक विनंती. शाकाहार व निर्व्यसनी जीवन हितकारक आहे, पण ते या रोगापासून पूर्ण अभय देत नाही. शौचावाटे रक्त पडत असेल, तर मूळव्याध समजून ते लपवू नये आणि दुकानाचा हंगाम संपण्याची वाट न पाहता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.